भाड्यात धरलेली वाइन

या शनिवारचा विषय ओला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना वर्ज्य असेल त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस न पिणाराच आहे. कसा, ते पुढे येईलच.

हल्ली ऑफिसात दर महिन्याला कोणी ना कोणी क्रूझवरून परत आलेलं असतं. कुणी हनिमूनला, कुणी आई-बाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला. मग फोटो बघायचे, चॉकलेटं खायची आणि एक ठरलेला वाद ऐकायचा. "वाइन फुकट होती रे, पण कसली! व्हिनेगर परवडलं." दुसरा म्हणतो, "काहीतरीच काय, आमच्या बोटीवर तर मस्त होती." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. मग फुकट वाइन एका बोटीवर बरी आणि दुसरीवर टाकाऊ, हे ठरवतं कोण? कंपनीचा दिलदारपणा? बोटीवरच्या वाइनतज्ज्ञाची आवड? नेहमीप्रमाणे खोदत गेलो आणि दोन-तीनशे वर्षं मागे जाऊन पोचलो.

सुरुवात अगदी रुक्ष आहे. समुद्रावर दारू फुकट मिळायची पद्धत चैनीतून आलेली नाही, पाण्यातून आलेली आहे. लाकडी पिंपात भरलेलं गोडं पाणी काही आठवड्यांत हिरवं पडायचं आणि वास मारायला लागायचं. बिअर, वाइन, रम त्या मानाने टिकायच्या. म्हणून ब्रिटिश नौदलात खलाशाला रोज एक गॅलन बिअर हा ठरलेला शिधा होता. बिअर संपली किंवा जहाज भूमध्य समुद्रात असलं, तर त्याऐवजी एक पाइंट वाइन, नाहीतर अर्धा पाइंट रम. (रमचं प्रमाण फारच झाल्यावर १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्ननने ती पाणी घालून द्यायचा हुकूम काढला, आणि रमचा हा शिधा कमी होत होत शेवटी ३१ जुलै १९७० ला बंद झाला. म्हणजे माणूस चंद्रावर पोचल्यानंतर!) वाइनचा दर्जा कसा होता? भूमध्य समुद्रातल्या त्या लाल वाइनला खलाशी 'ब्लॅकस्ट्रॅप' म्हणायचे. नावावरून चव लक्षात यावी. पण तक्रार करून जाणार कुठे? दुसरी वाइन नाही, दुसरं जहाजही नाही. रेशनच्या तांदळाबद्दल आपण जे बोलतो तेच.

त्याच काळात जहाजाच्या मागच्या भागात, कप्तानाच्या टेबलावर, वेगळं चित्र असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून हिंदुस्थानात येणारा साहेब जेवणाखाणाचे पैसे कप्तानाला देई आणि कप्तान आपल्या टेबलावर त्याला जेवू घाली. त्यात वाइन आलीच. वाटेत मदेरा बेट लागायचं, तिथे वाइनची पिंपं चढायची. आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडली. ही पिंपं विषुववृत्ताच्या उकाड्यात, बोटीच्या तळाशी महिनोन् महिने हिंदकळत जायची. एरवी अशा छळाने कुठलीही वाइन मरते. मदेराची मात्र सुधारायची! इतकी, की जाऊन-येऊन प्रवास केलेल्या पिंपांना 'फेरीची वाइन' अशा अर्थाचं खास पोर्तुगीज नाव पडलं आणि त्यांना जास्त भाव मिळायला लागला. अठराव्या शतकाच्या शेवटी बेटावरच्या लोकांनी गरम खोल्या बांधून हा उकाडा घरबसल्या द्यायची युक्ती काढली. (प्रत्यक्ष सर्व्हरवर चालवण्याऐवजी टेस्ट एन्व्हायर्नमेंट उभं केलं म्हणा ना!) बोटीमुळे चांगली झालेली वाइन म्हणजे ही मदेरा. बाकीच्या वाइन बोटीवर फार फार तर टिकतात.

आता आगबोटींकडे येऊ. १८३७ मध्ये स्पेन-पोर्तुगालकडची टपाल न्यायचं कंत्राट मिळवून पी. अँड ओ. कंपनी सुरू झाली, १८४० मध्ये तिला पूर्वेकडच्या व्यापाराची सनद मिळाली आणि १८४२ मध्ये तिची 'हिंदोस्तान' ही बोट साउथॅम्प्टनहून कलकत्त्याला निघाली. त्या काळच्या तिच्या जाहिरातींत भाड्याच्या आकड्याखाली एक ओळ हमखास असे. पहिल्या वर्गाच्या भाड्यात स्टुअर्डची फी आणि टेबलावरची वाइन वगैरे धरलेली आहे. 'फुकट' हा शब्द नाही बरं का, 'धरलेली'. मला हा शब्द फार प्रामाणिक वाटतो. इंग्लंडहून कलकत्त्यापर्यंतचं भाडं शंभर पौंडांच्या वर. एवढ्या पैशात जेवणाबरोबर क्लॅरेट, शेरी, बिअर मिळाली तर कंपनीच्या हिशेबात ती चिल्लर होती. प्रवासी मोजके, बहुतेक कंपनी सरकारचे अधिकारी आणि त्यांची कुटुंबं. सगळ्यांना एकच टेबल, एकच वाइन. वर पैसे देऊन मागवायची दुसरी यादी जवळजवळ नाहीच. हा मुद्दा लक्षात ठेवा, याच्यावर पुढचा सगळा लेख उभा आहे.

ही वाइन ओतत कोण होतं? तिथे आपली माणसं येतात. पी. अँड ओ.च्या बोटींवर डेकवर आणि इंजिनात काम करणाऱ्यांत आपल्या रत्नागिरीकडचे, काठियावाडचे, पंजाबचे मुसलमान खलाशी असत, तर जेवणघरातले स्टुअर्ड, आचारी, बटलर बहुतेक गोव्याचे. कारण सरळ होतं. गोव्याचा ख्रिस्ती माणूस गोमांस, डुकराचं मांस आणि वाइन यांना विटाळ न मानता हात लावू शकत होता, आणि युरोपियन स्वयंपाकघराची त्याला पोर्तुगीजांमुळे ओळख होती. मुंबईत धोबी तलाव, माझगाव भागात प्रत्येक गावाचा 'कूड' असे. बोट लागली की तिथे उतरायचं, पत्र्याची पेटी ठेवायची आणि पुढच्या बोटीची वाट बघायची. पगार गोऱ्या कामगारांच्या कितीतरी खाली. म्हणजे 'भाड्यात धरलेली' वाइन साहेबाला स्वस्त पडत होती त्यात ओतणाऱ्या हाताच्या स्वस्ताईचाही वाटा होता. तो जाहिरातीत कुठे लिहिलेला नसे, एवढंच.

असो. आता न पिणारा माणूस.

अटलांटिक महासागरावर, न्यूयॉर्क ते लिव्हरपूल, १८१८ पासून ठरलेल्या तारखेला सुटणारी शिडाची जहाजं चालायची. त्यांच्या केबिनच्या भाड्यातही बिछाना, जेवण आणि वाइन धरलेली असे. दरम्यान अमेरिकेत दारूबंदीची चळवळ जोरात आली (पहिली मोठी राष्ट्रीय संस्था १८२६ ची). आता कल्पना करा, एक कट्टर न पिणारा पाद्री जहाजात चढतो. पलीकडच्या खुर्चीतला व्यापारी दुपारपासून शँपेन उघडतोय. दोघांचं भाडं सारखं. म्हणजे पाद्रीबुवा चक्क त्या व्यापाऱ्याच्या शँपेनची वर्गणी भरतायत! त्यात १८३८ मध्ये 'सिरियस' आणि 'ग्रेट वेस्टर्न' या आगबोटी अटलांटिक ओलांडून आल्या, चढाओढ लागली, भाडी उतरवायची वेळ आली. भाड्यातून सगळ्यात सोपं काय काढता येईल? वाइन. मग जाहिरातींत 'वाइनशिवाय' असं भाडं दिसायला लागलं, आणि ज्याला हवी त्याने स्टुअर्डकडून विकत घ्यावी. हिंदुस्थानच्या मार्गावर हेच थोडं उशिरा झालं. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, कुणीही उठावं आणि बोट घालावी अशी स्पर्धा सुरू झाली, आणि एकोणिसावं शतक संपेपर्यंत पी. अँड ओ.वरही वाइनचं वेगळं बिल ही नेहमीची गोष्ट झाली होती.

इथे थोडं थांबून आपल्या थाळीकडे बघू, म्हणजे हिशेब डोक्यात बसेल.

अमर्यादित थाळीच्या खानावळीत दोन पोळ्या खाणारी काकू आणि बारा पोळ्या खाणारा हॉस्टेलचा मुलगा सारखेच पैसे देतात. काकू त्या मुलाला जेवू घालत असते, पण तिला त्याचं काही वाटत नाही कारण पोळीची किंमत कमी आहे. आमटी, भाजी, कोशिंबीर, हवी तेवढी. पण आमरस? 'एक वाटी थाळीत, पुढची वाटी एक्स्ट्रा.' का? कारण आमरसाला किंमत आहे, आणि त्यावर जीव असणारा माणूस सहा वाट्या रिचवू शकतो. आता मालकाने आमरसाच्या दोन प्रती ठेवल्या असं समजा. थाळीतला अमर्यादित, आणि मेनूत वेगळा 'खास हापूस'. तर थाळीतला आमरस किती चांगला असेल? फार चांगला असूच शकत नाही. तो चांगला झाला तर 'खास हापूस' कोण मागवेल?

हीच गोष्ट एका फ्रेंच इंजिनियरने (सिव्हिल, आपल्यासारखा नव्हे!) १८४९ मध्ये रेल्वेबद्दल लिहून ठेवली होती. त्याचं नाव ज्यूल द्यूपुई. तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्पर नसायचं, नुसती लाकडी बाकं. लोकांना वाटायचं कंपनी किती कंजूस, छपराला असा कितीसा खर्च येतो. द्यूपुईचं म्हणणं, छपराचा खर्च वाचवायला हे केलेलं नाहीच. दुसऱ्या वर्गाचं भाडं देऊ शकणाऱ्या माणसाला तिसऱ्या वर्गात बसायचा मोह होऊ नये, म्हणून केलंय. गरिबाचं छप्पर काढायचं ते श्रीमंताला घाबरवायला. आपल्या धंद्यात याला आपण 'फ्रीमियम' म्हणतो आणि फुकट आवृत्तीतलं एक्सपोर्टचं बटण काढून टाकतो. तत्त्व तेच.

तर बोटीवरच्या फुकट वाइनबद्दलचा पहिला नियम असा निघतो: तिच्या दर्जाचं छत शेजारची विकतची यादी ठरवते. शेजारी यादीच नसेल तर छत उंच असू शकतं. यादी जितकी भारी आणि जितकी नफ्याची, तितकं छत खाली.

पण मग जमीन कोण ठरवतं? किती वाईट वाइन चालेल, हे? याचं उत्तर मला फ्रेंच बोटींवर सापडलं.

'कंपनी जनरल ट्रान्सअटलांटिक', म्हणजे बोलीभाषेत फ्रेंच लाइन, १८६४ पासून ल हाव्र ते न्यूयॉर्क बोटी चालवायची. हिच्या बोटींवर जेवणाच्या टेबलावर लाल आणि पांढरी साधी वाइन ठेवलेली असे, भाड्यात धरलेली. आणि ही फक्त पहिल्या वर्गात नव्हे. खालच्या वर्गातल्या प्रवाशालाही मिळायची, आणि खलाशांनाही. पहिल्या वर्गात याच्याजवळच एक जाडजूड यादी असे, बोर्दो, बर्गंडी, शँपेन, सगळं विकत. म्हणजे द्यूपुईच्या हिशेबाने फुकटची वाइन भिकार असायला हवी. ती नव्हती. उत्तमही नव्हती. साधी, रोजची, पाण्यासारखी प्यायची वाइन. आपण ज्याला 'घरचं जेवण' म्हणतो तशी.

का? कारण फ्रेंच माणसाच्या लेखी वाइन ही 'ड्रिंक' नव्हती, जेवण होतं. पावाशेजारची गोष्ट. शेतमजूर, कारकून, प्राध्यापक सगळे रोज तीच पीत होते, आणि ती खराब असेल तर पहिल्या घोटाला ओळखत होते. थाळीतल्या आमटीचं तसंच असतं. ती अमर्यादित आहे, तिच्यात नफा नाही, तरी तिची चव फार बिघडवता येत नाही, कारण समोर बसलेला प्रत्येक जण ती रोज घरी खातो. श्रीखंडात मालक फसवू शकेल, आमटीत नाही. तेव्हा दुसरा नियम: फुकट वाइनची जमीन पिणाऱ्यांची सवय ठरवते. ज्या बोटीवर बहुतेकांना वाइन कळते तिथे फुकटचीही एका पातळीच्या खाली जात नाही.

ही सवय किती खोल होती याची परीक्षा अमेरिकेनेच घेतली. १९२० मध्ये तिथे दारूबंदी आली. ३० एप्रिल १९२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परदेशी बोटींनासुद्धा अमेरिकेच्या किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत दारू बाळगता येणार नाही, सील करून कपाटात ठेवलेली असली तरी नाही. कज्जा कनार्ड कंपनीच्या नावाने ओळखला जातो, पण खरी पंचाईत फ्रेंच आणि इटालियन बोटींची झाली. त्यांच्या खलाशांना जेवणाबरोबर वाइन देणं ही मेहेरबानी नव्हती, शिधा होता. वाइन नाही म्हणजे जेवण अर्धं. पुढे १९२४ मध्ये अमेरिकेने आधी ब्रिटनशी आणि मग इतर देशांशी करार केले. तुम्ही दारू सील करून आणा, त्या बदल्यात आम्हाला किनाऱ्यापासून लांबवर चोरट्या बोटींची झडती घेऊ द्या. दारूची तस्करी पकडण्यासाठी दारू आत येऊ द्यायची! सरकारी तर्कशास्त्र, दुसरं काय. :-)

याच काळात अमेरिकन बोटी कोरड्या होत्या आणि त्यांची 'लेव्हियाथन'सारखी अवाढव्य बोट ग्राहकांसाठी झुरत होती. तहानलेला अमेरिकन न्यूयॉर्कच्या धक्क्यावरून सरळ फ्रेंच नाहीतर ब्रिटिश बोटीत चढायचा. १९२७ ची 'ईल द फ्रान्स' त्यात फारच लोकप्रिय झाली. टेबलावरची ती साधी वाइन, जिच्याकडे फ्रेंच माणूस लक्षही देत नव्हता, ती अमेरिकन प्रवाशाला चमत्कार वाटायची. वाइन तीच, जीभही तीच, फक्त घरी काय मिळतं ते बदललं होतं. हा मुद्दाही बाजूला काढून ठेवतो, आपल्या कामाचा आहे.

आता या गोष्टीतली नायिका. ११ मे १९६० ला फ्रान्समध्ये सेंट नाझेर इथे एक बोट पाण्यात उतरली, नाव 'फ्रान्स'. ३१६ मीटर लांब. फेब्रुवारी १९६२ मध्ये तिचा न्यूयॉर्कचा पहिला प्रवास झाला. दोन वर्ग, दोन्हींत टेबलावर वाइन, अर्थातच धरलेली. तिचं स्वयंपाकघर जगात गाजलं. पण तोवर जेट विमानं आली होती, पाच दिवसांचा प्रवास सात-आठ तासांवर आला होता. बोट सरकारी अनुदानावर तरंगत होती. म्हणजे टेबलावरच्या त्या वाइनचे पैसे काही अंशी फ्रान्सचा करदाता भरत होता, जो कदाचित कधीच बोटीत चढला नव्हता. पाद्रीबुवांची गोष्ट पुन्हा, फक्त वर्गणीदार बदलले. १९७३ च्या तेलसंकटात खर्च हाताबाहेर गेला, सरकारने अनुदान थांबवलं आणि १९७४ मध्ये 'फ्रान्स' बंद पडली.

पाच वर्षं ती ल हाव्रला नुसती बांधून ठेवलेली होती. १९७९ मध्ये एका नॉर्वेजियन कंपनीने ती घेतली, नवं नाव ठेवलं 'नॉर्वे', आणि १९८० मध्ये ती मायामीहून कॅरिबियन क्रूझवर जायला लागली. तीच बोट, तेच लोखंड. पण धंद्याचं गणित पूर्ण उलटं. आता भाडं कमी ठेवायचं, माणसं खूप भरायची, आणि कमाई करायची ती बोटीवर. जुगारघरात, दुकानात आणि मुख्य म्हणजे बारमध्ये. दारू हा खर्च राहिला नाही, उत्पन्न झाला. टेबलावरची ती बिननावाची बाटली नाहीशी झाली. कुणी कंजूस झालं म्हणून नाही. त्या गणितात तिला जागाच नव्हती.

आजच्या क्रूझवरची फुकट वाइन या दोन गणितांच्या भांडणातून जन्मलेली आहे. 'नॉर्वे'च्या वाटेने गेलेल्या मोठ्या बोटींवर प्रत्येक पेल्याची पावती सही करून लोक वैतागले, तेव्हा लहान, महागड्या बोटींच्या कंपन्यांनी जुनी युक्ती परत काढली. सिल्व्हरसी ही त्यातली एक. १९९४ ची तिची पहिली बोट 'सिल्व्हर क्लाउड', जेमतेम तीनशे प्रवाशांची, आणि वाइन-शँपेन भाड्यात. क्रिस्टल कंपनीने २०१२ मध्ये तेच केलं. म्हणजे पी. अँड ओ.चं १८४० च्या दशकातलं मॉडेल. भाडं एवढं ठेवायचं की वाइन चिल्लर वाटावी. मधल्या पातळीवर व्हायकिंगसारख्या कंपन्या दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन-बिअर भाड्यात देतात आणि त्यापलीकडचं हवं असेल तर वेगळं पॅकेज विकतात. ही थाळीतली एक वाटी आमरस!

आणि मोठ्या बोटींनी काढलं 'ड्रिंक्स पॅकेज', रोजचे ठरावीक पैसे भरा आणि प्या. इथे मला आमचे वडील आठवतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघं एका बोटीवर गेलो होतो, पैसे वाचवायला एकाच केबिनमध्ये. मी पॅकेज घ्यायला गेलो तर काउंटरवरची बाई म्हणाली, केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागेल. माझे वडील वारकरी घरातले, माळ घातलेली. त्यांनी उभ्या आयुष्यात बिअरची बाटली हातात धरलेली नाही. त्यांच्या नावाने रोजच्या दारूचे पैसे भरायचे! मी भांडलो, ती हसून म्हणाली, नियम आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांचा तो आहेच. कारण एकाने पॅकेज घ्यायचं आणि चौघांनी प्यायचं, ही भीती. इंजिनियर म्हणून नियम मला पटला. मुलगा म्हणून अजिबात नाही. १८३० च्या दशकातले पाद्रीबुवा वडिलांच्या शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. (पॅकेज घेतलं नाही. आम्ही चौघांनी सात दिवस चहा प्यायला.)

आता परत त्या ऑफिसातल्या वादाकडे. दर्जाचं छत आणि जमीन कळली, तरी आणखी दोन गोष्टी बोटीच्याच असतात. एक म्हणजे साठा. एकाच रात्री शेकडो बाटल्या उघडायच्या, त्याही आठवडाभर सारख्या लेबलाच्या, आणि बोट पुढच्या बंदराला लागल्यावर तीच मिळायला हवी. म्हणजे ती मोठ्या प्रमाणात बनणारी, तरुण, लगेच प्यायची वाइनच असणार. छोट्या मळ्यातली नवलाई तिथे येणं कठीण. दुसरी म्हणजे कर. आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या बोटीवरच्या साठ्याला जमिनीवरचा अबकारी कर सहसा लागत नाही. कंपनीला बाटली आपल्या कल्पनेपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

आणि इथेच तहानलेला अमेरिकन परत येतो. भारतात बाहेरच्या वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्क्यांच्या घरात आयात कर होता, वर राज्याचा कर आणि हॉटेलचा नफा. युरोपात किराण्याच्या दुकानात पडून असणारी वाइन मुंबईच्या हॉटेलात जपून, वाकून ओतली जाते. नाशिकच्या वाइनवर वाइन शिकलेल्या आपल्या पिढीने ती बाटली बोटीवर फुकट बघितली की डोळे विस्फारतात, कारण आपण लेबल बघून मुंबईचा भाव आठवत असतो. शेजारच्या टेबलावरचा इटालियन तिलाच नाक मुरडतो. एकाच बोटीवरची एकच वाइन 'मस्त' आणि 'व्हिनेगर' अशी दोन्ही होते ती अशी. वाद मिटला!

तेव्हा पुढच्या वेळी बुकिंग करताना 'वाइन फुकट आहे का' हे विचारू नका. तीन वेगळे प्रश्न विचारा. शेजारी विकतची यादी आहे का, आणि ती केवढी मोठी आहे? भाड्यातली वाइन रोज बदलते की सातही दिवस तीच? आणि ओतणाऱ्याची टिप भाड्यात धरली आहे का? पॅकेजवर अठरा-वीस टक्के सेवाशुल्क वर लावायची पद्धत सर्रास आहे. तिसरा प्रश्न वाइनचा नाही असं वाटेल, पण तो आहे. आजही बोटींवर ट्रे घेऊन उभी असलेली कितीतरी मुलं गोव्याची आणि मुंबईची असतात. कूडात पेटी ठेवून बोटीची वाट बघणाऱ्यांची पणतवंडं त्यांत असतील. 'फुकट' या शब्दात त्यांचा हिशेब कुठे बसवलाय, हे आपण नाही विचारायचं तर कुणी?

'फ्रान्स'चं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. २००३ मध्ये मायामीला बॉयलरचा स्फोट होऊन काही खलाशी मेले आणि तिची चाकरी संपली. शेवटी 'ब्लू लेडी' असं नाव लावून ती ऑगस्ट २००६ मध्ये गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर आली. तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून आपल्या सर्वोच्च न्यायालयात बराच वाद झाला, २००७ मध्ये परवानगी मिळाली आणि मजुरांनी ती तुकड्या-तुकड्याने कापली. जिच्या प्रत्येक टेबलावर एकेकाळी न मागता वाइन यायची, ती बोट संपली दारूबंदी असलेल्या राज्यात. तिथेही तिच्यापायी धोका कुणी पत्करला, हे बिलात कुठे आलं असेल असं वाटत नाही.

असो, लेख लांबला. पुढच्या शनिवारी कोरडा विषय घेईन, प्रॉमिस. :-)